बीएवाल्यांनी फायनान्समधे जायचंच नाही का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात हे ऐकू येतेच, "कायले बीएले टाकता पोट्टीले, त्यात काय दम हाये." हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पोरगी पहिल्या वर्षापासूनच वर्गात मान खाली घालून बसते. मी अशाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

अमेरिकेत विल्यम्स, ॲम्हर्स्ट अशी छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत, तिथं फायनान्स नावाचा मेजर विषयच नाही. पोरं इतिहास, अर्थशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान शिकतात आणि तरी दरवर्षी त्यातली कितीतरी न्यूयॉर्कच्या बँकांत लागतात, कारण वर्गात लिहायची अन् वाद घालायची सवय लागते आणि वर्गाबाहेर कॉलेज त्यांचा हात सोडत नाही. बँकेतल्या जुन्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून देणं, सुट्टीतली इंटर्नशिप, मॉक इंटरव्ह्यू, एक्सेल, सगळं पाहतात. त्यांच्याकडे पैसा आहे, मान्य. पण जुन्या विद्यार्थ्याला फोन लावायला किती पैसा लागतो हो?

आपल्याकडे तर दार उघडंच आहे. आयबीपीएस पीओला, म्हणजे सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेला, कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय 20 ते 30. क्लार्कला राज्याची भाषा यावी लागते, म्हणजे आपली मराठी. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी भरतीला ओपनसाठी पदवीला 60 टक्के हवेत आणि दुसऱ्या टप्प्यात आर्थिक-सामाजिक प्रश्नांवर आख्खा पेपर असतो, यातलं कितीतरी आम्ही बीएलाच शिकवतो! शक्तिकांत दास 2018 ते 2024 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, ते इतिहासाचे एमए. आणि बाबासाहेबांनी एल्फिन्स्टनमधून बीएच केलं होतं, पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावर डॉक्टरेट.

आपली पोरं अडतात ती गणितात. दहावीनंतर गणित सुटलं की टक्केवारी, गुणोत्तर, व्याज सगळं गंजतं, आणि बँकेच्या प्रिलिममधे, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या परीक्षेत, एका तासात 100 प्रश्न असतात, इंग्रजी धरून. हे तिसऱ्या वर्षी क्लास लावून होत नाही, पहिल्या वर्षापासून रोज थोडं थोडं करून घ्यावं लागतं, आणि ते कॉलेजनंच करायला पाहिजे, कारण अमरावती-नागपूरला रूम करून क्लास लावणं कापसावर चालणाऱ्या घराला झेपत नाही.

उलट त्या घरातल्या पोराला पीक कर्ज म्हणजे काय, 31 मार्च जवळ आला की बाप कोणाकोणाकडे हात पसरतो, हे सांगावं लागत नाही. खेड्यातल्या शाखेत असा माणूस काउंटरपलीकडे बसलेला मला पाहायचाय.

म्हणून आपल्या कॉलेजचे जे कोणी बँकेत, एलआयसीत, पतसंस्थेत लागलेत त्यांना विनंती. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकवाल्यांना सुट्टी असते, एखाद्या शनिवारी या. हॉलचं, चहा-पोह्यांचं मी पाहतो, तुम्ही फक्त पोरांना सांगा की अभ्यास कसा केला आणि इंटरव्ह्यूत काय काय विचारलं.