सलाफहादाच्या मुली आणि माझी सही

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मंडळींनो, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पाळकसाहेबांना स्क्रीनशॉट पाठवू नका.

मागच्या वर्षी बाबा गेले. राहुरीकडे गावाला आमची अडीच एकर जमीन, चुलत्यांबरोबर सामायिक विहीर आणि बाबांनी शिक्षकाच्या पगारात बांधलेलं चार खोल्यांचं घर. भावंडं आम्ही तीन: दादा, मी आणि धाकटी. स्मरणार्थ प्रार्थना झाली. स्तोत्र १२१ वाचलं, ‘मला साहाय्य कोठून येईल?’ लोक जेवून गेले. मांडववाला अंगणात खुर्च्या मोजत होता, आणि त्या खडखडाटातच काकांनी आम्हा दोघी बहिणींना आतल्या खोलीत बोलावलं. कॉटवर आईशेजारी प्लास्टिकची फाइल. आत हक्कसोडपत्राचा मसुदा, आमची नावं, वयं, आधार नंबर घालून तयार. मोबदल्याच्या जागी ‘प्रेमापोटी’. खाली ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’. दुय्यम निबंधकाकडची तारीखसुद्धा घेऊन झाली होती, गुरुवारची. काका म्हणाले, “दोघींना साड्या आणून ठेवल्यात.”

धाकटी म्हणाली, मला चालेल. आई म्हणाली, “करून टाक गं, वाद नको.” प्रार्थनेसाठी आलेले पाळकसाहेब दारातच उभे होते. त्यांनी पहिल्या करिंथकरांचा तेरावा अध्याय काढला. प्रीती स्वार्थ पाहत नाही, म्हणाले. तो अध्याय मला तोंडपाठ आहे, बावीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवतेय. पण तो नेहमी बहिणीलाच का ऐकवतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं. दादा तिथेच तर बसला होता. त्यालाही प्रीतीची गरज असू शकते.

मी भांडले नाही. “वाचून सांगते,” एवढं म्हणून फाइल पर्समध्ये टाकली आणि पुण्याची गाडी पकडली.

रात्री बायबल काढलं ते गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायासाठी. हा अध्याय आमच्याकडे कधी प्रवचनाला येत नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सलाफहादाच्या या पाच मुली. बाप रानात मेला, भाऊ नाही. या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. समोर इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी. विचारतात काय, तर मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं? आम्हाला जमीन द्या. मोशेला उत्तर सुचत नाही. तो प्रकरण देवापुढे नेतो आणि देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. त्यांना वतन दे. ‘प्रीतीने सोडून द्या’ असं देव म्हणत नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, ताई, त्यांना भाऊ नव्हता, तुम्हाला आहे. खरं आहे. मग ईयोबाचा शेवटचा अध्याय काढा. सगळी मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. मुलग्यांची नावं लेखकाने दिलेलीच नाहीत. मुलींची दिलीत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिलं, असं स्पष्ट लिहिलंय. भावांबरोबर. सात भाऊ असताना.

सलाफहादाच्या गोष्टीला शेपूटही आहे, ते लपवत नाही. नऊ अध्याय पुढे, छत्तिसाव्यात, त्यांच्या वंशातले पुरुष मोशेकडे येतात. या पोरींनी बाहेर लग्नं केली तर जमीन बाहेर जाईल, म्हणतात. मग अट पडते, लग्न वंशातच करा. नऊ अध्याय गेले की भाऊबंद फाइल घेऊन येतातच.

कायद्याचं सांगते, कारण आमच्यातल्या शिकलेल्या बायकांनाही हे माहीत नसतं. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, हिंदू वारसा कायदा लागू नाही. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चा. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असली तर एक तृतीयांश बायकोचं, उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे आमच्या घरात आईचे तीन नवमांश आणि आम्हा तिघांचे दोन-दोन. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला २००५ साली. आपल्याकडे सारखी वाटणी त्याच्या किती आधीपासून कागदावर आहे, आणि आपण ती साडीवर सोडतो.

केरळात तर कागदावरही नव्हती. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय यांनी हे सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि १९८६ साली जिंकल्या. समोर सख्खा भाऊ होता.

आपला १९२५ चा कायदाही काही संत नाही. मूलबाळ नसलेला मुलगा वारला आणि बाप जिवंत असेल, तर सुनेचा वाटा गेल्यावर उरलेलं सगळं बापाचं. आईला छदाम नाही. आईचा नंबर बाप नसेल तरच लागतो, तोही भावंडांबरोबर वाटून. आणि १८६९ चा घटस्फोटाचा कायदा? नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं असं काहीतरी सिद्ध करावं लागे. शिवाय बायकोशी संबंध ठेवणाऱ्याकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागता येत होती, कुणी बैल पळवल्यावर मागावी तशी. हे २००१ पर्यंत चालू होतं. माझं लग्न त्याआधीचं आहे. म्हणजे पहिली काही वर्षं मीही त्या हिशेबात बैलच.

“हे सगळं पाश्चात्त्य वारं आहे,” असं आमच्या पंच कमिटीतले एक ज्येष्ठ मला म्हणाले. टाय लावून म्हणाले. त्यांना मी पंडिता रमाबाईंचं सांगितलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये, १८८३ साली, वाँटेजला झाला. लगेच पुढच्या वर्षी चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात बरं दिसणार नाही म्हणे. कलकत्त्याच्या पंडितांसमोर सभा गाजवून ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या बाईला हे सांगणं! रमाबाईंनी जी पत्रं लिहिली त्यांचा मथितार्थ असा: इथल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसलंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, बिशपाच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द झेलायला बांधलेली नाही. तेव्हा त्यांचं वय सत्तावीसच्या आसपास, पदरात लहान मुलगी मनोरमा. पाश्चात्त्य वारं रमाबाईंच्या बाजूने वाहत नव्हतं हो, तोंडावर वाहत होतं.

पुढे केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, दुष्काळात बाया-पोरी आणून तिथे जगवल्या. मला सगळ्यात आवडतो तो तिथला छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल करत होत्या, आणि खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्ती सदनातल्या बाया. १९२२ साली रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. ज्यांनी मंडळीत गप्प बसावं असं आम्हाला वाचून दाखवतात, त्यांच्याच शाई लागलेल्या हातांनी ते वचन छापलं गेलं.

गप्प बसण्यावरून आठवलं. लग्नात इफिसकरांचं पत्र वाचतात, पाचवा अध्याय, ‘स्त्रियांनो, अधीन असा’. वाचन बहुतेक वेळा बावीस वचनापासून सुरू होतं. एकवीस वाचा ना. ‘एकमेकांच्या अधीन असा.’ सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसाव्याकडून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे आधी सगळ्यांनी सगळ्यांच्या अधीन व्हायचं, मग बायकांचं बघू. तसंच ते ‘साहाय्यक’. देवाने आदामासाठी अनुरूप साहाय्यक केला, म्हणून बाईने हाताखाली राबायचं, असं माझ्या लग्नातच सांगितलं होतं. मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’. स्तोत्र १२१ मध्ये ‘मला साहाय्य कोठून येईल’ म्हणतात, तिथेही हाच शब्द. ते साहाय्य परमेश्वराकडून येतं. मग परमेश्वर आपल्या हाताखाली आहे का? बाबांच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र वाचलं आणि अर्ध्या तासाने फाइल काढली.

आमच्याकडचं चित्र तुम्हाला माहीत आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, तेव्हा व्यासपीठ बायकांचं. पांढऱ्या साड्या, सुंदर गाणी. रविवारी व्यासपीठ परत. अर्पणाची थैली बायका भरतात, मोजायला मात्र वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, चार पुरुष बसतात, आणि चहा आत नेऊन देते कोण ते सांगायला नको. दक्षिण भारतीय मंडळीत २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी २०२५ ला सेरा मुलाली यांची निवड झाली. आमच्याकडे अजून थैलीच्या मोजणीपर्यंत आम्ही पोचलेलो नाही. आणि ३ जानेवारी आली की आम्हीच स्टेटस ठेवतो: सावित्रीबाईंना अध्यापनाचे धडे अहमदनगरला सिंथिया फरारबाईंकडे मिळाले. ठेवा की, फरारबाई १८२७ साली लग्न न करता जहाजातून आल्या, अभिमान हवाच. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती समाजात हजार पुरुषांमागे १०२३ स्त्रिया होत्या, सगळ्या धर्मांत जास्त, हेही सांगा. आम्ही मुली मारत नाही, शिकवतो, नर्स करतो, मास्तरीण करतो. सातबाऱ्यावर तेवढ्या घेत नाही.

माझी आजी बायबल बाई होती. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर खांद्याला कापडी पिशवी लावून गावोगाव चालत जायची, बायांना ओसरीवर बसवून वाचून दाखवायची, पोस्टकार्डं लिहून द्यायची. महारवाड्यात जन्मलेली बाई, आणि पाटलाच्या सुना तिच्याकडून माहेरची पत्रं वाचून घ्यायच्या. आमच्या चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, सेवा केलेल्या पाळकांची नावं, सालं. आजीचं नाव नाही. तिच्यासारख्या एकीचंही नाही.

मी फार धुतल्या तांदळासारखी आहे असं समजू नका. महिला मंडळाची सेक्रेटरी होते तेव्हा एक बाई सभेनंतर थांबली. डोळ्याखाली काळंनिळं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, प्रार्थना करू या. डोळे मिटून छान लांब प्रार्थना केली आणि तिला रिक्षात बसवून त्याच घरी पाठवलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तेव्हा होता. मला माहीत होता. ती नंतर चर्चला यायची बंद झाली. मी इथे पाळकसाहेबांवर लिहितेय, पण त्या दिवशी पाळकसाहेबांचं वाक्य माझ्या तोंडात होतं.

तर हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही. दादाला फोन केला. म्हटलं, शेत तूच कर, पीक तूच घे, मला पोतंभर बाजरी नको. फक्त नाव काढणार नाही. दादा म्हणाला, “काही घ्यायचंच नाही तर नाव कशाला?” मी म्हटलं, “तुझं कशाला आहे? तेवढ्यासाठीच.” तलाठ्याकडे वारस नोंद झाली, आता सातबाऱ्यावर चौघांची नावं आहेत, आईचं सगळ्यात वर. धाकटीचंही राहिलं, ती म्हणते, तू केली नाहीस मग मी एकटीने कशाला करू.

नाताळला दादाचा फोन आला नाही. दरवर्षी डबाभर करंज्या यायच्या, त्याही नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं नाही, सकाळच्या उपासनेत दोनदा डोळे पुसले. काकू म्हणाल्याच, बघ, जमीन ठेवलीस आणि माहेर घालवलंस.

गेल्या आठवड्यात रात्री दहाला वहिनींचा फोन. आवाज अगदी खाली. मागे टीव्ही चालू होता, म्हणजे दादा बाहेरच्या खोलीत. आधी आईची तब्येत, मग पाऊस, मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, “ताई, ते कितीचा कायदा म्हणाला होता तुम्ही? आमच्या नानांचं काही खरं नाही आता. भाऊ परवा साड्या बघायला गेले होते.”

मी म्हटलं, “वही-पेन आहे का जवळ?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “सांगा. हळू सांगा.”