विकताना तज्ज्ञ, निस्तरताना मध्यस्थ

सासूबाईंची पैठणी मी विकायला दिली होती, हे आधीच कबूल करते. ज्यांना नावं ठेवायची आहेत त्यांनी खुशाल ठेवा. दोन्ही लेकी ती नेसत नाहीत आणि कपाटात जरीचे काठ काळे पडत चालले होते.

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका मुलीचं जुन्या साड्यांचं इन्स्टाग्राम पेज आहे. तिने कन्साइनमेंटवर ठेवून घेतली. म्हणजे विकली जाईपर्यंत साडी माझीच, विकली की 30 टक्के तिचे. पावती मागायला मला संकोच वाटला (तिच्या आईला ओळखते ना!). पेजवर फोटो आला, खाली ओळ: "आमच्या तज्ज्ञांनी तपासलेली, 100 टक्के अस्सल हातमाग."

दीड महिन्याने फोन. "काकू, गिऱ्हाइकाने परत पाठवली. डुप्लिकेट आहे म्हणतात."

घरी आलेली साडी उलटी करून बघितली. रंग तोच, मोर तेच, पण पदराच्या मागे सगळे कापलेले धागे. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो, येवल्यात कोणीही सांगेल. शिवाय आमच्या साडीच्या नेसूच्या टोकाला हळदीचा डाग होता, माझ्याच लग्नातला. तो गायब. ही आमची साडीच नव्हे!

गिऱ्हाइकाने बदलली की पेजवाल्यांनी, देव जाणे. पण परत आलेलं पार्सल उघडून बघायचं काम कोणाचं? तर म्हणे, "आम्ही फक्त मध्यस्थ."

इथे माझी सटकते.

भाचा नाशिक कोर्टात वकिली करतो. तो म्हणाला, मावशी, साडी ताब्यात घेतली की 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 लागतं, स्वतःच्या वस्तूइतकी काळजी घ्यावीच लागते. आणि आयटी कायद्याचं कलम 79 मध्यस्थाला वाचवतं ते दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरापासून. इथे "अस्सल" हा शब्द त्यांचा स्वतःचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या भांडणात मात्र हे इतकं सरळ नाही. 2018 मध्ये लूबुतँ बुटांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्याला ही ढाल आपोआप मिळणार नाही. 2020 मध्ये अ‍ॅमवेच्या प्रकरणात तिथल्याच खंडपीठाने सक्रिय-निष्क्रिय हा भेदच मानला नाही.

आणि समजा, आमचीच साडी नकली निघाली असती तर? पैठणीला 2010 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे; ते नाव लावून भलताच माल विकणं गुन्हा आहे. माझा हेतू वाईट नव्हता हे सिद्ध करत मी बसले असते. कशाच्या जोरावर? तेव्हाचं बिल कोणी जपलंय? अस्सल रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबलच मुळी 2004 नंतरचं.

कमिशन ठरवून सेवा घेतली म्हणजे मी ग्राहकच, असं भाच्याचं म्हणणं. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही. हाताशी पुरावा काय, तर पदराचा समोरून काढलेला एक फोटो आणि त्या "100 टक्के अस्सल"चा स्क्रीनशॉट.

तक्रार दाखल व्हायचीय, म्हणून पेजचं नाव लिहीत नाही. नाशकात कोणाची साडी अशीच बदलून आली असेल तर इनबॉक्स करा, पावती असो वा नसो. आणि माझ्याकडे आलेली ही साडी कोणाची असेल तर तेही सांगा, घडी करून ठेवलीय.