मेकॅनोचा तो फॉरवर्ड वाचून डबा घासायला घेऊ नका

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरात जुना मेकॅनोचा (भोकांच्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून क्रेन वगैरे बांधायच्या खेळण्याचा) डबा असेल तर तुम्ही लखपती आहात. इंग्लंडची कंपनी 1979 मध्ये बंद पडली, तेव्हापासून हा माल जगात कुठेच बनला नाही. म्हणून जितका जुना तितका महाग. गंज घासून काढा, नवा रंग द्या. जुन्या मासिकातली जाहिरात कापून, लॅमिनेट करून सोबत ठेवा, तोच अस्सलपणाचा पुरावा.

मी हे डबे आणि त्यांच्या छापील जाहिराती जमवतो, म्हणून बरेच जण हा मेसेज पाठवून ‘खरं आहे का?’ असं विचारतात. खरं फार थोडं आहे. आणि यातले दोन सल्ले असे आहेत, की ते पाळले तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

कंपनी बंद पडल्याची गोष्ट अर्धी बरोबर आहे. फ्रँक हॉर्नबी यांनी 1901 मध्ये या खेळण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे लिव्हरपूलला बिन्स रोडवर कारखाना उभा राहिला. तो 1979 मध्ये बंद झाला, हे खरं. पण फ्रान्समध्ये कॅले इथे मेकॅनो त्यानंतरही अनेक वर्षं बनत राहिला. तो कारखाना बंद करण्याची घोषणा झाली ती 2023 मध्ये.

‘जितका जुना तितका महाग’ हेही तपासून पाहा. मेकॅनो विसाव्या शतकातल्या सर्वांत लोकप्रिय खेळण्यांपैकी एक होता. छोटे डबे अमाप खपले, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या सुट्या पट्ट्या आजही स्वस्तात मिळतात. किंमत येते ती पूर्णपणाला: मूळ खोका, त्यातले पुठ्ठ्याचे कप्पे, नमुन्यांचं पुस्तक, सगळे भाग जागेवर आणि रंग एकाच काळातला. 1937 पासूनचा दहा नंबरचा मोठा संच लाकडी कपाटासकट मिळाला तर गोष्ट वेगळी. पाच पट्ट्या आणि मूठभर नट म्हणजे तो संच नव्हे. ऑनलाइन दिसणारे लाखांचे आकडे हे बहुतेक वेळा विकणाऱ्याने मागितलेले असतात, कुणी मोजलेले नसतात.

शिवाय आपल्याकडे ‘मेकॅनो’ म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं पुष्कळसं भारतीय बनावटीचं असतं. 1957 च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि नंतर अनेक दशकं खेळण्यांसारख्या मालाची आयात जवळजवळ बंदच होती. देशी डब्यांना लिव्हरपूलच्या डब्यांचा भाव येणार नाही. पण माझ्या मते जपायला हवेत ते हेच. इंग्लिश संचांच्या भागांच्या बारीकसारीक याद्या तिकडच्या हौशी लोकांनी करून ठेवल्या आहेत. आपल्या डब्यांसाठी तेवढी मेहनत कुणी घेतलेली नाही.

आता गंज आणि रंग. मेकॅनोच्या पट्टीचा रंग म्हणजे तिचा जन्मदाखला आहे. सुरुवातीच्या पट्ट्या निकेलच्या मुलाम्याच्या. 1926 मध्ये लाल-हिरवा रंग आला, 1934 मध्ये निळा-सोनेरी, महायुद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा आणि 1964 मध्ये पिवळा-काळा. तुम्ही सँडपेपर मारून वरून डबाभर एकच लाल रंग फासलात, की कोणती पट्टी कोणत्या काळची ते कायमचं पुसलं जातं. निकेलच्या पट्टीचं तर आणखी वाईट होतं. मुलामा पातळ असतो. तो घासला गेला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि पुढचा गंज जास्त जोरात चढतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे पोराबाळांच्या घरात ती धूळ उडवणं धोक्याचंही आहे.

साखर पेठेतल्या एका घरी मी असाच एक डबा पाहिला. घरातले आजोबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. हरवलेल्या नटांच्या जागी कुणीतरी बाजारातले चार मिलिमीटरचे नट पान्याने आवळून बसवले होते. मापं जवळजवळ सारखी दिसतात. मेकॅनोचा बोल्ट 5/32 इंची व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं ब्रिटिश माप), म्हणजे 3.97 मिलिमीटरचा, पण त्याला इंचाला 32 आटे. मेट्रिक नटाचे आटे त्याहून बारीक, 0.7 मिलिमीटरवर. नट दोनेक फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की बोल्टचे आटेच खातो. बघताक्षणी आजोबा म्हणाले, “अरे, हे आटं जुळत नाहीत रे बाळा!” घरातल्या इतर कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

साफ करायचंच असेल तर कोरडा मऊ ब्रश घ्या, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब फडक्यावर घ्या आणि तिथेच थांबा. पट्ट्या रबरबँडने बांधू नका, रबरातल्या गंधकाने धातू काळा पडतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत लोखंड मुंबई-कोकणापेक्षा बरंच टिकतं.

कागद मात्र आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला स्वस्त मासिकाचा कागद पिवळा पडून कडकडीत होतो, कारण लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे त्यात आम्ल वाढत जातं. त्यावर लॅमिनेशनचं गरम प्लास्टिक चिकटवलं की ते पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद आतल्या आत झिजत राहतो. सेलोटेपचंही तेच. सुटं पान आधीच हाती आलं असेल तर पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात, अंधाऱ्या थंड जागी ठेवा.

कापण्याचा सल्ला तर मला अजिबात सहन होत नाही. जाहिरातीची तारीख बहुधा तिच्यात नसते, ती अंकावर असते. चौकोन कापला की अंक, पान, मागचा मजकूर सगळं जातं आणि उरतो नुसता चित्राचा तुकडा. तो तुमच्या डब्याबद्दल काहीही सिद्ध करत नाही. दुकानदार जुना साठा वर्षानुवर्षं विकायचे, आणि जाहिरातीतली भलीमोठी क्रेन सहसा सर्वांत मोठ्या संचातून बांधलेली असायची.

तरीही जाहिरात नीट वाचली तर पुष्कळ सांगते. किंमत रुपये-आण्यांत असेल तर ती 1957 च्या एप्रिलआधीची समजा. ‘नये पैसे’ दिसले तर 1957 ते 1964 मधली. दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 च्या 15 ऑगस्टनंतरची. इंग्लंडच्या जाहिरातीत शिलिंग-पेन्स असतील तर 1971 च्या फेब्रुवारीआधीची. अस्सल की नक्कल, हे भिंगाखाली कळतं: जुन्या छपाईत ठिपके ओळीने बसलेले दिसतात, घरच्या इंकजेट प्रिंटरचे बारीक तुषार कसेही विखुरलेले असतात. आणि पान उलटून पाहा. मासिकातून आलेल्या पानाची मागची बाजू सहसा कोरी नसते.

कुणाकडे जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड असतील तर पान फाडू नका, मुखपृष्ठाचा आणि त्या पानाचा फोटो काढून मला दाखवा. देशी संचांची वर्षं लावायला मला तेवढं पुरतं.