आधी उत्तर, मग प्रश्न

पूर्वी उंटावरच्या शहाण्याला निदान एक उंट तरी पाळावा लागायचा. आता इंटरनेटवरच्या एखाद्या चर्चामंचावर आयडी काढला की झालं. पासवर्ड ठरवा, 'मी यंत्रमानव नाही' या चौकोनावर टिचकी मारा, आणि गळक्या नळापासून मोडत्या संसारापर्यंत जगातल्या कुणाच्याही कशावरही बोलायला तुम्ही मोकळे. सगळा मामला हौसेचा. विचारणारा फुकट, सांगणारा फुकट, आणि रात्री जागून दोघांची भांडणं सोडवणारा तर फुकटातला फुकट. अशा ठिकाणी तुम्ही नुकतेच दाखल झाला असाल, तर चार अनुभवाचे बोल ऐकवावेत म्हणतो. तुम्ही मला काही विचारलेलं नाही, हे खरं. पण न विचारता सांगता येणं हीच तर इथली मुख्य पात्रता आहे.

सगळ्यात आधी, प्रश्न पूर्ण वाचायची सवय मोडा. प्रश्न वाचला की तपशील दिसतात, तपशील दिसले की आपल्याला यातलं काही कळत नाही हे कळतं, आणि ते एकदा कळलं की माणूस गप्प बसतो. गप्प बसणारे आधीच पुष्कळ आहेत. याकोब नील्सन या अभ्यासकाने २००६ साली एक ठोकताळा मांडला होता: अशा समूहांत शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात, आणि उरलेला एक जण जवळजवळ सगळं लिहितो. त्या नव्वदांना आपल्याकडे 'वाचनमात्र' म्हणतात. त्यांच्यात कुणी तीस वर्षं नळ दुरुस्त करणारा असेल, कुणी परिचारिका असेल, कुणी हयातभर हिशेब तपासलेला असेल. पण त्यांना प्रश्न शेवटपर्यंत वाचायची खोड. तुम्हाला त्या एकात जायचंय ना?

उदाहरणादाखल माझाच धागा, म्हणजे मंचावर टाकलेला प्रश्न आणि त्याखाली लोंबणारी चर्चा, घेऊ. मी लिहिलं होतं: 'नवीन वॉशिंग मशीन, पुढून उघडणारं. परवाच बसवलं. कपडे पिळायला लागलं की भयंकर हादरतं आणि भिंतीपासून वीतभर पुढे चालत येतं. काय करावं?' धाग्याला शीर्षक दिलं होतं 'मदत हवी'. (शीर्षकात विषय कधी सांगू नये. विषय कळला तर फक्त त्यातले जाणकार येतात, आणि त्यांची संख्या फार नसते.)

दुसऱ्याच मिनिटाला प्रतिसाद आला, 'कुठल्या कंपनीचं?' मी सांगितलं. 'मग बरोबर आहे,' एवढं लिहून गृहस्थ जे गेले ते आजतागायत परतलेले नाहीत. याला म्हणतात संयम. पुढच्याने विचारलं, 'आधी शोधून पाहिलंत का? यावर इथे सविस्तर चर्चा झाली आहे,' आणि दुवा दिला. दुव्यावर फ्रिजच्या आवाजाचा धागा होता. त्याच्या तळाशी कुणीतरी त्या फ्रिजवाल्यालाही 'आधी शोधून पाहा' असं बजावून तिसराच दुवा दिला होता, आणि तो उघडत नव्हता. तिसऱ्याने 'रुमाल टाकून ठेवतो' म्हणून जागा धरली. चौथ्याने मात्र खरी काडी टाकली: 'पुढून उघडणारं घेतलंच कशाला?'

झालं. धाग्याला फाटा फुटला आणि मूळ धागा त्या फाट्यालाच लोंबकळू लागला. पुढूनवाले म्हणाले पाणी कमी लागतं, वरूनवाले म्हणाले कंबर वाकवावी लागत नाही. कुणी पाण्याचा प्रश्न जागतिक पातळीवर नेला, कुणी कंबरेचा. एकाने हाताने धुण्याचे फायदे सांगितले. त्याचे कपडे कोण धुतं, असं दुसऱ्याने विचारल्यावर तो तीन दिवस दिसला नाही. एक बाई म्हणाल्या, 'मशीन हादरत नाहीये, तुम्ही आतून हादरला आहात. घरात कुणाशी अबोला आहे का?' या प्रतिसादाला एकतीस अंगठे मिळाले. खोटं कशाला बोलू, एक माझाही होता.

मधल्या काळात मशीन रोज वीतभर चालत होतं आणि मी रोज त्याला ढकलून जागेवर नेत होतो.

तुमच्या मनात आलं असेल, एवढी माणसं एवढा वेळ घालवतात, त्यांना मिळतं काय? मिळतं तर! २००५ साली निघालेल्या याहू आन्सर्स या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर चोख हिशेब असायचा. प्रश्न विचारला की पाच गुण वजा, उत्तर दिलं की दोन जमा, आणि तेच सर्वोत्तम ठरलं तर दहा. म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचा दंड पाच, आणि तोंड उघडायचं बक्षीस दोन. 'मलाही माहीत नाही' असं लिहिलं तरी दोन मिळायचे, आणि लोक तसं खुशाल लिहायचे. मे २०२१ मध्ये ते दुकान बंद झालं आणि सगळ्यांची शिल्लक बुडाली. पण संस्कार राहिला. 'सहमत', '+१', 'मलाही हाच प्रश्न आहे', 'वाचतोय' ही सगळी त्याच टांकसाळीतली नाणी.

तब्येतीचा किंवा कोर्टकचेरीचा प्रश्न असेल तर नुसतं 'सहमत' शोभत नाही. तिथे आधी एक मंत्र म्हणावा लागतो: 'मी डॉक्टर नाही, पण'. या 'पण'मध्ये अख्खं वैद्यकीय महाविद्यालय मावतं. 'मी वकील नाही, पण'चंही तेच. नवराबायकोच्या प्रश्नांना मंत्रही लागत नाही. त्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला असं कुणी लिहिलं, की 'सोडून द्या' म्हणावं. टॉवेल की नवरा, हे स्पष्ट करत बसू नये.

आणि बोलायचं ते छातीठोक. 'बहुधा', 'माझ्या अंदाजाने', 'एकदा तपासून घ्या' हे शब्द दुबळ्यांचे. प्रोग्रामर मंडळींचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ, स्टॅक ओव्हरफ्लो, ठाऊक असेल. २००८ पासून चाललंय आणि इतकं शिस्तीचं आहे की प्रश्नात 'नमस्कार' किंवा 'आभारी आहे' लिहिलं तर ते फापटपसारा म्हणून काढून टाकतात. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये यंत्राकडून लिहवून घेतलेल्या उत्तरांवर बंदी आली. कारण काय दिलं? ही उत्तरं दिसायला बरोबर वाटतात, पण चुकीची असण्याचं प्रमाण फार आहे. वाचून मला भरून आलं. हेच काम आपण इतकी वर्षं हाताने करत होतो, कुणी साधी दखल घेतली नव्हती.

विचारायची वेळ तुमच्यावरच आली तर सरळ विचारू नका, चुकीचं काहीतरी ठणकावून सांगा. 'पुढून उघडणारी सगळी मशीनं चालतातच, ते नैसर्गिक आहे' असं मी लिहिलं असतं, तर तासाभरात चारजण पाना घेऊन धावून आले असते. मदत करायला माणूस आळसतो, चूक काढायला अंथरुणातून उठतो. या युक्तीला कनिंगहॅमचा नियम म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम म्हणजे १९९५ मध्ये जगातली पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच मजकूर बदलता येईल असं संकेतस्थळ, उभी करणारे गृहस्थ. आपण असं कधी म्हणालोच नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे पाहा, चुकीचं लिहिलं की बरोबर करणारा भेटतो, हा नियम. बरोबर करणारा भेटला, तो खुद्द कनिंगहॅम निघाला, तरी नाव आहे तेच चालू आहे.

जरा जुने झालात की नव्यांबद्दल उसासे टाकायला लागा. ही परंपरा फार जुनी. १९८० साली सुरू झालेल्या युजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरात विद्यापीठांतली नवी पोरं यायची, तेच ते प्रश्न विचारायची, आणि जुनी खोडं महिनाभरात त्यांना वळण लावायची. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या याद्या रुळल्या त्या तिथेच. पुढे १९९३ पासून इंटरनेट कंपन्यांचे घरोघरचे ग्राहक लोंढ्याने येऊ लागले, वळण लावणारे हात अपुरे पडले, आणि तो सप्टेंबर काही संपलाच नाही, असं तेव्हाची मंडळी म्हणायची. आजही म्हणतात. फक्त सप्टेंबर कधी लागला यावर एकमत नाही. प्रत्येकाच्या हिशेबाने तो आपण सभासद झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी लागला. मी ज्या दिवशी 'मदत हवी' टाकलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात एकाने 'मदत पाहिजे' नावाचा धागा काढला. दर्जा किती घसरलाय, असं मी तिथे लगेच लिहून आलो.

आता संपादक. कुठे नियंत्रक म्हणतात, कुठे ॲडमिन. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी ही माणसं दिवसभर आपली नोकरी करतात आणि रात्री आपली भांडणं निस्तरतात. त्यांच्याशी वागताना त्यांना भरपूर पगार मिळतो असं धरून चालावं, म्हणजे जीभ कचरत नाही. पगाराचा विषय एकदा निघालाही होता. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीने नव्वदच्या दशकात हजारो स्वयंसेवकांकडून गप्पांच्या खोल्या आणि चर्चा सांभाळून घेतल्या, मोबदला म्हणून सेवेचं शुल्क माफ. १९९९ मध्ये काही माजी स्वयंसेवक किमान वेतन मागायला कोर्टात गेले, आणि दहाएक वर्षांनी दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चास्थळावरच्या हजारो गटांच्या राखणदारांनी कंपनीच्या धोरणाविरुद्ध गटांना कुलपं घातली. बिनपगारी माणूस संपावर गेला तर त्याचा पगार कसा कापायचा, यावर मात्र मला अजून कुठे धागा सापडलेला नाही.

आमच्या संपादकाने माझ्या धाग्यावर आधी दोनदा 'कृपया मूळ विषयावर या' असं लिहून पाहिलं. त्यावर 'मूळ विषय काय?' असं एकाने अगदी मनापासून विचारलं. मग एका रात्री अडीचच्या सुमाराला संपादकाने पुढून-वरूनचे एकेचाळीस प्रतिसाद अलगद उचलले आणि वेगळ्या धाग्यात नेऊन ठेवले. सकाळी आरडाओरडा. मुस्कटदाबी, हुकूमशाही, कंपूबाजी, सगळे शब्द कामाला लागले. धाग्याची पन्नाशी तोंडाशी आली असताना ही आगळीक! निषेधाचा प्रतिसाद मीसुद्धा दिला.

पण त्या साफसफाईमुळे झालं असं, की दोन-तीन तास माझा प्रश्न उघडा पडला. वर प्रश्न, खाली जेमतेम सात-आठ प्रतिसाद. आणि नेमका तेवढ्यात तो माणूस आला. नऊ वर्षांचा सभासद, एकूण प्रतिसाद अकरा, फोटोच्या जागी करडा गोल. त्याने लिहिलं:

'मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का?'

मी मशीनच्या मागे वाकून पाहिलं. चार बोल्ट. मशीनच्या आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. वाहतुकीत तो आदळू नये म्हणून कारखान्यातच त्याला मागून लांब बोल्टांनी जखडून टाकतात आणि बसवताना ते काढायचे असतात. ते तसेच ठेवून मशीन चालवलं की स्प्रिंगांनी पेलायचे ते हिसके सगळ्या धुडाला बसतात, आणि धूड चालायला लागतं. माहितीपुस्तिकेच्या अगदी सुरुवातीला चित्रासकट दिलेलं होतं. पुस्तिका मी मशीन डगमगू नये म्हणून एका पायाखाली घातली होती. पाना आणला, बोल्ट काढले, मशीन लावलं. गरीब गाईसारखं उभं राहिलं.

या माणसापासून सावध राहा. पाच शब्दांत त्याने एक वाहता धागा मारला. ना स्वतःची आठवण सांगितली, ना 'काळ बदललाय' म्हणाला, ना मी शोधून पाहिलं होतं का हे विचारलं. त्याला अंगठा एकही पडला नाही, ते योग्यच झालं. मी धाग्यावर 'सुटलं. धन्यवाद.' एवढंच लिहिलं. कशाने सुटलं हे लिहायचं नसतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं जे म्हणतात तिथेच तर धोका आहे: मागचे सगळे शहाणे झाले तर विचारणार कोण आणि आपण सांगणार कुणाला? बोल्टांनी सुटलं, स्पिरिट लेव्हलने, की घरातला अबोला मिटल्याने, ते मागून येणाऱ्याने आपलं आपण ताडावं. आजवर तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय. दोघांना मी शोधून पाहायला सांगितलं.

त्या माणसाने दुसरा एक प्रतिसाद दिला होता, म्हणजे त्याचा बारावा. 'बोल्ट जपून ठेवा. घर बदलताना परत लावावे लागतात.' तो मी तेव्हा वाचला नव्हता. वेगळ्या केलेल्या धाग्यावर वरूनवाल्यांना उत्तर देण्यात गुंतलो होतो. काल वाचला. पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. बोल्ट टाचण्यांच्या डब्यात नाहीत, अवजारांच्या पेटीत नाहीत, माळ्यावरही नाहीत. आज रात्री धागा टाकतोय. शीर्षक ठरलंय, 'तातडीने मदत हवी'.