पूर्वी तिथे होतंच काय?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. रविवारी सगळ्यांनी जुन्या इंदुरात राजवाड्याला जायचं, आधी हेरिटेज वॉक, मग तिथल्या नव्या कॅफेत बसायचं, रात्री सराफा बाजारात खायचं. इथपर्यंत ठीक. त्याखाली एका ताईंनी लिहिलं, "आता किती छान डेव्हलप झालाय तो एरिया, पूर्वी तिथे होतंच काय?"

पूर्वी तिथे माझी मावशी होती हो! आजही आहे. खजुरी बाजारात, खाली वह्या-पुस्तकांचं दुकान आणि वर ती. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, दोन्ही आम्ही तिच्या गॅलरीतून बघितल्या. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे त्या गॅलरीत. मावशी आतून चहा पाठवतच राहायची. कोण आलंय, हे तिने कधी विचारलं नाही.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. भिंतीवर निशाण लागलं. गॅलरी गेली, पुढची खोली निम्मी गेली. आता रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि चालायला जागा पूर्वीइतकीच. ॲम्ब्युलन्स आत येऊ शकते, हे मान्य. पुढे बोला.

मला राग लोक परत येतायत याचा नाही. येऊ देत की. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेव्हापासून हे गाव राजवाड्याभोवतीच वाढलं. बर्तन बाजार, शीतलामाता बाजार, मारोठिया बाजार, खाली धंदा आणि वर संसार. दुकानदार जेवायला जिना चढून जायचा. सराफ्याचं तेच तर गुपित. रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांवर भुट्टे का कीस, गराडू, मावाबाटी सुरू. जुने लोक म्हणतात, रात्री बाजारात जाग राहावी म्हणून सराफांनीच खाण्याच्या ठेल्यांना जागा दिली. शहर रात्रभर जागं ठेवायचं म्हणून २०२२ मध्ये बीआरटीएसवर, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका केलेल्या रस्त्यावर, चोवीस तास दुकानांना परवानगी मिळाली, २०२४ मध्ये ती काढून घेतली. सराफा कुणाच्या परवानगीने जागा राहिला?

पण लोक परत येतायत म्हणजे काय करतायत? खातात, रील काढतात, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापुढे उभे राहतात आणि अकरा-बाराला गाडी काढून बायपासकडच्या नव्या वस्त्यांत परत. हो, मीही तिकडे निपानियालाच राहते, माहितीय मला, कमेंटमध्ये लिहू नका. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, मुलांची शाळा जवळ आहे. जुन्या घरात जिना उभा, वायरिंग जुनं. हेही खरं.

तरी त्या ताईंना मावशीकडे न्यावंसं वाटतंय. राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळला. त्याआधीही दोनदा जळलाच होता. तरी परत उभा केला, छानच केला. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीला अख्खं मंत्रिमंडळ तिथे बैठकीला बसलं. मग शेजारच्या माणसाला आपली कुजलेली तुळई बदलायची असेल, तर त्याच्यासाठी काय? घर भाऊबंदांच्या नावावर, सह्या करणारे अर्धे पुण्यात, अर्धे अमेरिकेत. शेवटी वरचे मजले गोदाम होतात. मावशीच्या समोरच्या घरात आता चपलांची खोकी राहतात. तिच्या वयाची तिथे ती एकटीच.

मेट्रोचंही तेच. २०२५ च्या मे महिन्यात धावायला लागली ती सुपर कॉरिडॉरवर, शहराच्या नव्या टोकाला, जिथे तेव्हा चढायलाही माणूस शोधावा लागे. बरं, राजवाड्याखालून बोगदा काढणं सोपं नाही, तेही कळतं.

मघाशी मावशीला फोन केला. म्हटलं, रविवारी आमची सोसायटी येतेय तुमच्याकडे फिरायला. तर म्हणाली, "किती जण? पोहे किती भिजवू?" यावर मी काय बोलणार? त्या ताईंवरचा राग तिथेच निम्मा उतरला. त्यांनाही घेऊन जाईन वर. जिना सांभाळून चढा म्हणावं.

आणि एक. मावशीच्या वर गच्चीला लागून दोन खोल्या रिकाम्या आहेत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, गाडी लावायला जागा नाही, गेरीच्या दिवशी पायऱ्यांपर्यंत रंग येतो. भाडं वाजवी. कुणाला खरंच राहायचं असेल तर इनबॉक्समध्ये या. कॅफे काढायचा असेल तर नको.