रांजणखळगे पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

दसरा झाला, पाऊस सरला, आभाळ निळंभोर झालं की शनिवारी रात्री पुण्यातल्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, 'उद्या निघोज?' म्हणजे कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणाएवढे खळगे बघायला. तुम्ही लगेच अंगठा दाखवा. फक्त पहाटे पाचला निघू म्हणणाऱ्या काकांना तिथल्या तिथे गप्प करा. पहाटे निघालं तर वाघोलीचा रस्ता मोकळा मिळतो, खडक गार असतो, उन्हं तिरपी असतात, मग सोमवारी ऑफिसात रडगाणं कशाचं गाणार? साडेनऊला पोहे, दहाला चावीची शोधाशोध, साडेदहाला प्रस्थान. म्हणजे ऐन ऑक्टोबरात, दुपारी एकच्या सुमाराला तुम्ही काळ्याकुट्ट बसाल्टवर उभे असाल. मुहूर्त म्हणतात तो हाच.

वाटेत रांजणगावचा महागणपती लागतो. हात जोडा आणि रांजणगावाचा रांजणखळग्यांशी काय संबंध, यावर शिरूर येईपर्यंत भांडा. पुढे आतल्या रस्त्याला बाजरी काढलेली रानं दिसतात, कांद्याची रोपं दिसतात. काचा वर ठेवा, एसी वाया जातो.

पोचल्यावर पहिलं वाक्य 'अरे, हे तर ग्रँड कॅन्यन!' दुसरं, 'आशियातले सगळ्यांत मोठे!' जगातले म्हणालात तरी चालेल, टेप कुणी आणलेली नसते. नदीच्या अलीकडे टाकळी हाजी, जिल्हा पुणे. पलीकडे निघोज, जिल्हा पूर्वीचा नगर, आता अहिल्यानगर. त्यामुळे वेफर्सचं पाकीट नक्की कुठल्या जिल्ह्यात पडलं, याची चिंता नको. सरहद्द पाण्यातच आहे.

आता एक धोका. गटात भूगोल शिकवणारं कुणी असेल तर ते समजावू लागेल, की हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, कुकडीच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरत खडक घासत राहिले, खाचेचा झाला वाडगा, वाडग्याचा झाला रांजण, मग शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून त्यांचं एकच घर झालं. ऐकू नका. ऐकलंत तर वाकून आत बघावंसं वाटेल, आणि आत बघितलंत की तासभर गेला. त्या तासात सात रील होतात.

बघायचंच असेल तर तळाशी बघा. आटलेल्या खळग्यात गुळगुळीत, अंड्यासारखे गोटे बसलेले असतात. हीच ती नदीची छिन्नी. खिशात घाला. बाल्कनीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत झकास दिसतात, आणि नदी काय, इतकी वर्षं कोरतेच आहे, तिलाही जरा सुट्टी.

फोटो मात्र अगदी काठावरूनच. काठ शेवाळलेला आहे, खाली किती खोल ते हिरव्या पाण्यामुळे कळत नाही, आणि वर जुन्नरकडे येडगावचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की इथला प्रवाह वाढतो. एवढं सगळं जुळून आलेलं असताना मागे सरकणं म्हणजे करंटेपणा. मळगंगेच्या देवळात आधी नमस्कार केलेला असतोच.

मागच्या वर्षी मीही ही पद्धत तंतोतंत पाळली. 'अजून थोडं मागे, अजून थोडं,' असं फोटो काढणारा म्हणत गेला, मी सरकत गेलो, आणि डाव्या पायातली चप्पल सुटून खळग्यात गेली. मी वाचलो, म्हणजे बुडावर बसलो. खाली बघितलं तर चप्पल बुडाली नव्हती. कुणाची तरी पाण्याची बाटली आधीपासून फिरत होती, तिच्या मागोमाग चप्पलही गोल गोल फिरू लागली. रबरी आहे, बसाल्ट कोरायला जरा जास्त वेळ घेईल.

गाडी लांब लावली होती. तिथवर मी एका पायाने, एकच्या उन्हात, लंगडी घालत गेलो. त्याचा रील मात्र चांगला चालला.