किंमत? चेक डीएम भाऊ!

नागपुरातल्या समस्त दुकानदार भाऊ-ताईंनो, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर ग्राहकांशी 'नातं जोडायला' तुम्ही जी मेहनत करून राहिले, तिची कोणीतरी दखल घ्यायला हवी होती. धंदा वाढवायचं शिकवणारे क्लासवाले गल्लोगल्ली आहेत. पण पैसे खिशात घेऊन आलेला ग्राहक मोबाइलमधूनच परत कसा पाठवायचा, याचं शास्त्र कोणी नीट लिहून ठेवलेलं नाही. भर मे महिन्यात कूलरच्या एका साध्या पंपासाठी अशाच एका पेजशी नातं जोडून पाहिलं. पंप मिळाला नाही, शास्त्र मात्र सगळं मिळालं. ते तुमच्या सेवेसाठी मांडतो.

सुरुवात व्हॉट्सअॅप बिझनेसपासून करा. हे अॅप २०१८ पासून फुकट मिळतं, त्यामुळे त्याची किंमत न ठेवणं साहजिक आहे. त्यात ग्रीटिंग मेसेजची सोय असते. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस गप्प राहून पुन्हा लिहिणाऱ्याला तो आपोआप जातो. तिथे 'वेलकम टू आवर फॅमिली' एवढंच लिहा. दुकान कुठे आहे, कधी उघडतं, काय मिळतं, यातलं काहीही नको. मग अवे मेसेज. तो कधी जावा याचे तीन पर्याय असतात: कायम, ठरवलेल्या वेळात, किंवा दुकानाच्या वेळेबाहेर. तुम्ही 'कायम' निवडा. म्हणजे तुम्ही गल्ल्यावर बसून त्याच फोनवर रील पाहत असलात तरी समोरच्याला 'आम्ही सध्या उपलब्ध नाही, लवकरच संपर्क करू' असं जाईल. किती वाजता करू, हे लिहू नका. वेळ लिहिली की पाळावी लागते.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नका. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला निरोप वेगळा जातो, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो पोचतो. म्हणजे ज्याला नको त्याला जाणारच नाही! असल्या सोयीत धंद्याला काय चव? सरळ ग्रुप काढा. बिल करताना 'गॅरंटीसाठी लागतो' म्हणून घेतलेले सगळे नंबर त्यात कोंबा. प्रतापनगरच्या ताईंचा नंबर हिंगण्याच्या अनोळखी माणसाला कळू द्या, ओळखी वाढतात. फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. एकाच बाजूने बोलणं झालं की नातं टिकतं.

गूगलवरच्या प्रोफाइलला तर हातच लावू नका. दुकान गांधीबागेत आणि पिन गांधीसागर तलावात, असू द्या. ग्राहकाला पोहता येत असेल तर तो येईल. वेळ सकाळी १० ची असू द्या आणि शटर साडेअकराला उघडा. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते आणि तुमचं शटरही खाली असतं. अशा दिवसांसाठी प्रोफाइलमध्ये 'विशेष वेळ' टाकता येते, दोन मिनिटांचं काम. टाकू नका. बेसा-मानेवाड्याहून निघालेला माणूस कुलूप पाहील, मिरवणूक पाहील आणि घरी जाईल. तेवढंच संस्कृतीचं दर्शन. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका सेन्सरने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, तेव्हा हवामान खात्याने तपासून 'सेन्सर बिघडलाय' असं जाहीर केलं. सरकारी खातं चूक दुरुस्त करतं. तुमच्या पेजवर मात्र लॉकडाऊनमधल्या वेळा अजून तशाच लटकून आहेत.

फोटो कंपनीच्या कॅटलॉगमधलाच टाका. दुकानातला माल दाखवला तर ग्राहक नेमका तोच मागतो.

मजकूर इंग्रजीत लिहा: 'डिअर व्हॅल्यूड कस्टमर'.

सणांचं एकही बॅनर चुकवू नका. देव कोपऱ्यात, मालक मध्ये, मालकाचे चिरंजीव दोन्ही बाजूंना. कोणी थोर व्यक्ती गेली की पंधरा मिनिटांच्या आत श्रद्धांजली, आणि तिच्याच खाली 'फ्री होम डिलिव्हरी' व दोन मोबाइल नंबर. रीलला चालू फिल्मी गाणंच हवं. बिझनेस खात्याला हक्कांच्या भानगडीमुळे ती सगळी गाणी मिळत नाहीत, म्हणून खातं सरळ पर्सनल करून टाका. त्याबरोबर प्रोफाइलवरची कॉल आणि पत्त्याची बटणं जातात, किती लोकांनी काय पाहिलं याचा हिशेब जातो. जाऊ द्या, गाणं तर वाजलं!

आता मुख्य मंत्र. भाव लिहू नका.

कुठेच लिहू नका. कूलरचा फोटो टाका, पंखा १८ इंची की २० इंची ते टाका, 'नागपूर की गर्मी को बोलो बाय बाय' टाका, आगीच्या तीन इमोजी टाका, पण किंमत नको. पंपाच्या डब्याचा फोटो काढताना एमआरपीवर अंगठा ठेवा. खाली लोक विचारतील, 'रेट?', 'प्राइस?', 'भाऊ, केवढ्याले?' प्रत्येकाला 'चेक डीएम', म्हणजे खासगी मेसेज बघा, असं लिहा. यातली खरी गंमत तुम्हाला त्या क्लासवाल्याने सांगितली नसेल. इन्स्टावर जो तुम्हाला फॉलो करत नाही आणि ज्याच्याशी आधी बोलणं झालेलं नाही, त्याला पाठवलेला संदेश त्याच्या मुख्य इनबॉक्समध्ये पडत नाही. तो 'रिक्वेस्ट' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातो, आणि तो कप्पा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तुम्ही म्हणता 'पाठवलं', तो म्हणतो 'आलंच नाही', आणि दोघंही खरं बोलून राहिले. कप्पा सापडलाच तर आत किंमत नसते. 'व्हॉट्सअॅपवर हाय पाठवा' असं असतं. हाय पाठवलं की 'वेलकम टू आवर फॅमिली'. त्यावर लगेच 'सध्या उपलब्ध नाही'. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच ओळ: 'यस सर?' माणूस पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहितो. मग विचारणा होते, 'कुठून बोलता?' खामल्याहून म्हटलं तर एक भाव, रामदासपेठेतून म्हटलं तर दुसरा. आणि एवढं होऊन शेवटी 'सर, एकदा दुकानात व्हिजिट द्या.'

दुकानातच बोलवायचं होतं तर पेज कशाले काढलं राजेहो? शटरवर पाटी होतीच की!

भाव का लिहित नाही म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं: 'बाजूवाला पाहतो ना.' बाजूवाल्याला तुमचा भाव तोंडपाठ आहे. तो त्याच ठोकवाल्याकडून माल उचलतो, त्याच टपरीवर तुमच्यासोबत चहा पितो. भाव माहीत नाही तो एकट्या घेणाऱ्याला. दुसरं कारण शिकवणीतलं: कॉमेंट वाढल्या की रील पसरते. पसरते ना! पन्नास जणांनी 'रेट?' विचारलंय आणि एकालाही उत्तर नाही, हे दृश्य तीच रील गावभर घेऊन फिरते. तिसरं कारण कोणी तोंडाने सांगत नाही. माणूस पाहून भाव ठरवायचा असतो, आणि लिहून टाकला तर सगळ्यांना सारखाच द्यावा लागतो.

बरं, भाव मिळालाच, तर तो फक्त बॉडीचा. पंप वेगळा. स्टँड वेगळा. पाणी झिरपणाऱ्या ताट्या साध्या वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या किसाच्या, खसच्या हव्या तर वरून पैसे, हनीकोंब हवा तर आणखी वरून. ऑटोचं भाडं वेगळं, दुसऱ्या माळ्यावर चढवायचं वेगळं, खिडकीत बसवून द्यायचं वेगळं. असा तुकड्यातुकड्यांनी भाव वाढवत नेण्याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या 'डार्क पॅटर्न'ची जी यादी जाहीर केली, तिच्यात हे नावानिशी आहे. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड करून दाखवा, असं सांगितलेलंच होतं. 'आमचं तर छोटं दुकान आहे' हे मला सांगू नका. आकडा लिहायला मोठं दुकान लागत नाही.

कूलर ऑर्डरप्रमाणे बनतो, पत्र्याचा भाव खालीवर होतो, मान्य. मग 'अमुक रुपयांपासून' लिहा, खाली तारीख टाका, आणि त्यात काय काय धरलंय ते एका ओळीत सांगा. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात. प्रत्येकीला नाव, फोटो, किंमत आणि दोन ओळींचं वर्णन. तुमच्याकडे धड पन्नास नाहीत. मे महिन्यात दुपारी एक ते चार बाजारात चिटपाखरू नसतं, तेवढ्यात सगळा कॅटलॉग भरून होतो. पण त्या वेळात तुम्ही आगीच्या इमोजी निवडता! मारबतीबरोबर दरवर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. यंदा एक बडग्या 'चेक डीएम'चा काढा रे कोणीतरी, आणि जाळा एकदाचा.

असो. आपण सल्ले देत होतो. उपरोधाने देत होतो. पुढचा घ्या.

रीलवाल्या पोट्ट्याला फुकट माल द्या आणि 'जाहिरात' हा शब्द लिहू देऊ नका. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच लेबल लावायला सांगितलंय, पण आपल्याला काय त्याचं.

रिव्ह्यूंची काळजी नको. एका संध्याकाळी बसून सगळे पाच-स्टार टाकून घ्या, सगळे एकाच आडनावाचे. 'मस्त सर्व्हिस' हे दोन शब्द सगळ्यांत सारखे, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. ग्राहक बनून स्वतःच्या मालाचं कौतुक लिहायला २०२० च्या नियमांत मनाई आहे, ऑनलाइन रिव्ह्यू कसे असावेत यावर भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये आलंय, आणि सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं गूगललाही चालत नाही. हे सगळं इतवारीच्या बाहेर लागू असावं. कोणी एक-स्टार देऊन 'तीनदा फोन केला, मेकॅनिक आला नाही' असं लिहिलं तर त्याच्याखाली 'थँक्यू सर, व्हिजिट अगेन'.

इन्स्टावर तक्रार आली तर कॉमेंट उडवा. पुन्हा आली तर ब्लॉक करा.

नाही, आता बस झालं. हा उपरोध तुम्हाला कळतही नसेल, यातले अर्धे सल्ले तुम्ही खरे समजून वहीत लिहून घ्याल. सरळच बोलतो.

लाज नाही वाटत? ४५ अंशांत ज्याच्या घरचा पंप जळलाय, आत म्हातारं माणूस झोपलंय, लेकराच्या अंगावर घामोळ्या उठल्या आहेत, त्याला तुम्ही 'वेलकम टू आवर फॅमिली' पाठवता? कुटुंबातल्या माणसाला असं ताटकळत ठेवता का? त्याला चार गोष्टी लागतात: पंप आहे का, केवढ्याचा, आज दुकान कितीपर्यंत उघडं, आणि बसवायला कोणी येईल का. एवढी चार उत्तरं व्हॉट्सअॅप बिझनेसच्या 'क्विक रिप्लाय'मध्ये एकदा टाइप करून ठेवली की पुढे प्रत्येक वेळी नुसती तिरकी रेघ आणि एक शब्द टाकायचा असतो. अशी पन्नास उत्तरं साठवता येतात. तुमच्यातल्या कितीकांनी एक तरी साठवलंय?

आणि माल विकता तर मालाची माहिती तरी ठेवा. 'चार फुटी कूलरला हा पंप चालेल का?' या प्रश्नाला 'यस सर' हे उत्तर नाही. पाणी तो किती फुटांपर्यंत चढवतो ते सांगा, १८ वॅटचा की ४० वॅटचा ते सांगा, वायर किती लांब ते सांगा. कमी ताकदीचा पंप वरच्या नळीपर्यंत पाणी नेत नाही, ताट्या वरून कोरड्या राहतात आणि पंखा गरम हवा फेकतो. बोअरच्या पाण्याने जाळीवर क्षार बसतो, ती धुवा. टाकी रिकामी असताना पंप चालू ठेवला की तो जळतो, तसं करू नका. ही माहिती एका मिनिटाच्या रीलमध्ये दाखवली असती तर लोकांनी ती आईला, सासऱ्याला, शेजाऱ्याला पाठवली असती, गाण्याशिवाय. त्याऐवजी तुम्ही काय दाखवलं? गॉगल घालून कूलरसमोर नाचणारा मालक.

तक्रार उडवून टाकणाऱ्यांनीही नीट ऐकून घ्या. ऑनलाइन विक्रीत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा नियम आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लोकांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि कॉमेंट उडवण्याआधी त्यांनी स्क्रीनशॉट काढलेला असतो.

राहिला तुमचा तो पेज चालवणारा भाचा. त्याच्यावर ढकलू नका. भाव त्याला तुम्ही सांगत नाही, माल आला-गेला तुम्ही सांगत नाही, मग तो बिचारा 'चेक डीएम' नाही तर काय लिहील? रोज सकाळी त्याला पाच मिनिटं द्या आणि आजचा भाव, आजचा साठा सांगा. पासवर्ड त्याच्या फोनमध्ये आणि ओटीपी त्याच्या नंबरवर आहे, उद्या तो नोकरीला पुण्याला गेला की तुमच्याच पेजला तुमच्यासाठी कुलूप लागेल. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आजच स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि गेल्या दिवाळीपासूनचे त्याचे पैसे थकवले असतील, तर तेही देऊन टाका.